पिढ्यांच्या आठवणीतले मोरारजी आणि इंदिराबाई

मोरारजी देसाई यांच्याविषयी महाराष्ट्रात मत विचारायचे, तर आधी समोरच्याचे वय विचारावे लागते. १९४० च्या आगेमागे जन्मलेल्या मुंबईकराला ते नाव ऐकले की फ्लोरा फाउंटनचा गोळीबार आठवतो. १९५५ च्या सुमारास जन्मलेल्याच्या डोळ्यांपुढे १९७७ ची निवडणूक आणि आणीबाणीचा शेवट उभा राहतो. १९९० नंतर जन्मलेल्यांसाठी ते स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकातले एक उत्तर आहेत : देशाचे पहिले बिगरकाँग्रेसी पंतप्रधान. तिघेही खऱ्याच गोष्टी सांगत असतात. पण प्रत्येकाने मोरारजींना आपापल्या वयाच्या एका विशिष्ट वळणावर पाहिलेले असते, किंवा पाहिलेलेच नसते. होऊन गेलेल्या नेत्याविषयीचे लोकमत अशा आठवणींच्या थरांनी बनते, आणि थर बदलले की मतही बदलते.

या प्रक्रियेचा शास्त्रशुद्ध विचार विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुरू झाला. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मोरिस हाल्बवाक्स यांनी १९२५ मध्ये मांडले, की माणूस एकट्याने आठवत नाही. कुटुंब, धर्म, वर्ग अशा गटांच्या चौकटीतच त्याची आठवण टिकते. ज्या गोष्टी गटात पुन्हा पुन्हा बोलल्या जातात त्या राहतात, ज्यांना ऐकणारा मिळत नाही त्या विरतात. खुद्द हाल्बवाक्स १९४५ मध्ये नाझींच्या बुखेनवाल्ड छळछावणीत मरण पावले. त्यांच्या मांडणीनंतर तीनच वर्षांनी, १९२८ मध्ये, कार्ल मानहाइम यांचा पिढ्यांविषयीचा निबंध आला. एकाच काळात जन्मल्याने पिढी बनत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. जाणत्या वयात, म्हणजे साधारण सतरा ते पंचवीस या वर्षांत, एखाद्या मोठ्या उलथापालथीचा धक्का एकत्र सोसला की पिढी बनते. त्या वयात जगाचे जे पहिले चित्र मनावर उमटते, त्याच्याशी पुढचे सगळे अनुभव ताडून पाहिले जातात.

हे म्हणणे पुढे प्रत्यक्ष पाहणीतही उतरले. हॉवर्ड शूमन आणि जॅकलिन स्कॉट यांनी १९८५ मध्ये अमेरिकी नागरिकांना विचारले, की गेल्या पन्नास वर्षांतल्या कोणत्या घटना सर्वांत महत्त्वाच्या वाटतात. दुसरे महायुद्ध, केनेडींची हत्या, व्हिएतनाम अशी उत्तरे आली, आणि ज्या घटनेच्या वेळी माणूस किशोरवयात किंवा विशीच्या सुरुवातीला होता, तीच घटना तो अधिक वेळा सांगत असल्याचे दिसले. मानसशास्त्राचे निरीक्षणही याला धरून आहे. म्हातारपणी मागे वळून पाहताना साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी सर्वांत दाट आणि ठळक असतात. पहिली नोकरी, पहिले मतदान, पहिला मोर्चा याच वयातला. त्यामुळे त्या काळचा नेता स्वतःच्या तारुण्याशी जोडला जातो, आणि त्याच्यावरची टीका अनेकांना आपल्या तरुणपणावरची टीका वाटते.

मोरारजींच्या उदाहरणात हे सारे स्पष्ट दिसते. १९५२ ते १९५६ या काळात ते तेव्हाच्या मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते. राज्य पुनर्रचना आयोगाने मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राची मागणी मान्य केली नाही, तेव्हा गिरणगावातून आणि चाळींतून लोक रस्त्यावर उतरले. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनपाशी मोर्चावर गोळीबार झाला आणि पंधरा जण मृत्युमुखी पडले. मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा जानेवारी १९५६ मध्ये झाल्यावर पुन्हा गोळ्या चालल्या, आणि त्या वेळी बळींची संख्या कितीतरी जास्त होती. ‘एकशेपाच हुतात्मे’ हा आकडा मराठी माणसाच्या तोंडी कायमचा बसला. पुढे अधिकृत यादी थोडी वाढली, तरी बोलण्यातला आकडा बदलला नाही. आचार्य अत्र्यांच्या ‘मराठा’ दैनिकाने आणि शाहिरांच्या डफाने या आठवणीला भाषा दिली. तेव्हा विशीत असलेल्या पिढीच्या लेखी मोरारजींची प्रतिमा तिथेच पक्की झाली.

पण गोळीबार फक्त मराठी माणसांवर झाला नव्हता. स्वतंत्र गुजरातची मागणी करणाऱ्या विद्यार्थ्यांवर ८ ऑगस्ट १९५६ रोजी अहमदाबादमध्येही गोळ्या चालल्या, आणि तेव्हाही मुख्यमंत्री मोरारजीच होते. त्या पिढीतल्या गुजराती माणसांनीही त्यांच्यावर तीव्र रोष धरला. तरीही गुजरातच्या स्मृतीत पुढे ते ‘आपल्या मातीतले पंतप्रधान’ म्हणून मानाने परतले. अहमदाबादला साबरमतीच्या काठी ‘अभयघाट’ ही त्यांची समाधी आहे. महाराष्ट्रात असे परतणे सोपे नव्हते. इथे राज्याच्या जन्मकथेतच त्यांना प्रतिपक्षाची भूमिका मिळाली होती. फ्लोरा फाउंटनचा परिसर हुतात्मा चौक झाला, मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार तिथे उभे राहिले, आणि दर १ मे रोजी ती कथा नव्याने सांगितली जाऊ लागली. एखादी आठवण राज्याच्या वर्धापनदिनाला बांधली गेली, की ती साक्षीदारांच्या आयुष्यापेक्षा जास्त टिकते.

म्हणूनच १९७७ ची गोष्ट विचार करण्यासारखी आहे. त्या मार्चमध्ये मुंबईतल्या सहाच्या सहा लोकसभा जागा काँग्रेसने गमावल्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, बी. सी. कांबळे अशी विरोधी पक्षांची माणसे निवडून आली. यातले अनेक जण संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातून आलेले होते, आणि एकेकाळी संयुक्त महाराष्ट्र समितीचे नेतृत्व करणारे एस. एम. जोशी आता जनता पक्षाच्या उभारणीत होते. या विजयातून पंतप्रधानपदावर बसले मोरारजी. बावीस वर्षांपूर्वी ज्यांच्या राजीनाम्यासाठी घोषणा दिल्या, त्यांना सत्तेवर आणणाऱ्या बाजूला त्याच शहराने मते दिली. जुनी आठवण पुसली गेली नव्हती. तिच्यावर एक ताजी, जास्त बोचणारी आठवण येऊन बसली होती. मोरारजी आता जवळपास एकोणीस महिने स्थानबद्धतेत काढलेले वृद्ध नेते होते. त्यांच्या कारकिर्दीत झालेल्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ हे आणीबाणीचे कारण काढून ‘सशस्त्र बंड’ असा शब्दप्रयोग घातला, म्हणजे १९७५ सारखी आणीबाणी लादणे पुढे फार अवघड झाले. हे काम लहान नाही. तरी फाउंटनच्या पिढीतल्या अनेकांनी त्याचे श्रेय मोरारजींना मनापासून दिले नाही, आणि आणीबाणीच्या पिढीतल्या अनेकांना १९५५ ची धग कधी कळलीच नाही.

एकाच पिढीतही एकच आठवण नसते. मानहाइम यांनी पिढीच्या आत ‘गट’ असतात असे म्हटले होते. महाराष्ट्रात त्याचे उत्तम उदाहरण कुळकायदा आहे. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि कसणारी कुळे कायद्याने जमिनीची मालक होऊ लागली. मुख्यमंत्री तेव्हा यशवंतराव चव्हाण होते. ज्या घराला सातबाऱ्यावर पहिल्यांदा नाव लागले, त्या घरात यशवंतरावांचा काळ उजाडल्यासारखा सांगितला जातो. ज्या घराची जमीन गेली, विशेषतः गावाबाहेर नोकरीला असलेल्या लहान जमीनमालकाच्या घरात, तोच काळ हातातले निसटून गेल्याचा म्हणून सांगितला जातो. दोन्ही घरे एकाच आळीतली, दोन्ही माणसे एकाच वयाची. त्यांच्या नातवंडांनी कुळकायदा वाचलेलाही नसतो, पण कोणत्या नेत्याचे नाव आदराने घ्यायचे हे त्यांना घरातून मिळालेले असते.

सामान्य माणसाच्या आठवणीत नेता पुष्कळदा पोटाच्या वाटेने शिरतो. बहात्तरचा दुष्काळ पाहिलेल्या म्हाताऱ्यांशी बोलताना धोरणांची नावे क्वचित येतात. येतात त्या आठवणी मिलोच्या लाल भाकरीच्या, सुकडीच्या, खडी फोडून सुजलेल्या हातांच्या. तेव्हा मुख्यमंत्री वसंतराव नाईक होते. मे १९७३ मध्ये सुमारे पन्नास लाख माणसे सरकारी दुष्काळी कामांवर होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते यांची ही कामे नसती तर तो दुष्काळ भूकबळींचा इतिहास झाला असता. वि. स. पागे यांच्या विचारातून आलेल्या रोजगार हमीला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले, आणि पुढे देशपातळीवरच्या कायद्याला तिचा आधार झाला. नाईकांच्या प्रतिमेवर या पिढीची छाया गडद आहे. त्यांची जयंती, १ जुलै, महाराष्ट्रात कृषिदिन म्हणून पाळली जाते. आज खेड्यातल्या तरुणाला तो दिवस शाळेतल्या वृक्षारोपणापुरता माहीत असतो. त्याच्या आजीला मात्र त्या नावाबरोबर कामाच्या रांगेतली उन्हे आठवतात. एकाच नावाचे हे दोन अर्थ आहेत, आणि आजीचा अर्थ दर वर्षी थोडा थोडा कमी होत चालला आहे.

इंदिरा गांधींच्या बाबतीत हे थर सर्वांत गुंतागुंतीचे आहेत. १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण, १९७१ चे बांगलादेश युद्ध, १९७४ ची पोखरणची अणुचाचणी यांच्या वेळी जी मुले शाळा-कॉलेजात होती, त्यांच्यासाठी इंदिराबाई म्हणजे धाडस. गावोगावच्या बायकांनी काँग्रेसच्या गाय-वासरू या चिन्हावर शिक्का मारला तो ‘बाईं’साठी; एक बाई देश चालवते, ही गोष्टच त्यांच्या पिढीला नवी होती. पाठोपाठ आणीबाणीचा २५ जून १९७५ आला. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या अहवालानुसार ‘मिसा’ या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली सुमारे ३५ हजार आणि भारत संरक्षण नियमांखाली सुमारे ७६ हजार माणसे तुरुंगात गेली. वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात, यशवंतराव चव्हाण समोर असताना, अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी आजारी जयप्रकाश नारायण यांच्यासाठी प्रार्थनेचे आवाहन केले. पुढे त्यांना अटक झाली. पु. ल. देशपांडे यांनी १९७७ मध्ये जनता पक्षासाठी सभा गाजवल्या. मराठी मध्यमवर्गाची आणीबाणीची आठवण बहुतांशी अशा प्रसंगांनी बनलेली आहे, आणि ती अभिमानाची आठवण आहे.

मात्र त्याच शहरांत, कधी त्याच घरात, दुसरीही आठवण टिकून राहिली : लोकल वेळेवर धावत होत्या, कचेरीत साहेब दहाला जागेवर असत, संप नव्हते. ही आठवण खोटी नाही, पण ती भीतीला शिस्त समजणाऱ्या नजरेची आहे. ज्याचा भाऊ येरवड्यात किंवा नाशिकरोडच्या तुरुंगात होता, त्याने वेळेवर आलेल्या गाडीचे कौतुक केल्याचे ऐकिवात नाही.

आठवणींचा भूगोलही असतो. १९७७ मध्ये उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये काँग्रेसला एकही जागा मिळाली नाही. आंध्रात मात्र बेचाळीसपैकी एक्केचाळीस जागा तिच्याच होत्या. महाराष्ट्र या दोन्हींच्या मध्ये राहिला : अठ्ठेचाळीसपैकी वीस. सक्तीच्या नसबंदीचा जाच उत्तरेत जास्त झाला, हे या फरकाचे एक मोठे कारण आहे. म्हणून हिंदी पट्ट्यात आणीबाणी म्हणजे आधी नसबंदी, आणि महाराष्ट्रातल्या शहरांत आणीबाणी म्हणजे आधी तुरुंग आणि सेन्सॉर. पंजाबात आणि देशभरच्या शीख घरांत तर इंदिराबाईंविषयीचे बोलणे १९७५ पासून सुरूच होत नाही. ते जून १९८४ च्या सुवर्णमंदिरातल्या लष्करी कारवाईपासून आणि त्यांच्या हत्येनंतर झालेल्या शीखविरोधी हत्याकांडापासून सुरू होते. त्या घरांतली तिसरी पिढीही ते साल विसरलेली नाही.

आठवण असली तरी मत तिच्याच आज्ञेत राहते असे नाही. जानेवारी १९८० मध्ये, पराभवानंतर तीन वर्षांच्या आतच, इंदिरा काँग्रेसने देशात ३५३ आणि महाराष्ट्रात ३९ जागा जिंकल्या. लोक आणीबाणी विसरले, असा त्याचा अर्थ अनेकांनी लावला. तो अर्थ अपुरा आहे. जनता पक्षातली भांडणे, मोडलेले सरकार आणि वाढलेले कांद्याचे भाव लोकांसमोर होते. मतदार आठवणीला नाही, समोरच्या पर्यायाला मत देत होता. नेत्याविषयीचे दूरगामी मत आणि त्या दिवशीचे मतदान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

काळ लोटल्यावर मत कोणत्या दिशेला जाईल, याचाही ठरलेला नियम नाही. अमेरिकेचे अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांच्या कामावर फेब्रुवारी १९५२ मध्ये गॅलप चाचणीत जेमतेम २२ टक्के लोक समाधानी होते. कोरियातले युद्ध आणि भ्रष्टाचाराच्या बातम्या यांनी लोक चिडले होते. ती चीड अनुभवलेली पिढी मागे सरली, शीतयुद्ध संपले, आणि इतिहासकारांच्या क्रमवारीत ट्रुमन पहिल्या सहा-सातांत जाऊन बसले. दक्षिण कोरियात वेगळेच घडले. १९६१ च्या लष्करी उठावानंतर सत्तेवर आलेले पार्क चुंग-ही १९७९ मध्ये हत्या होईपर्यंत हुकूमशाही पद्धतीने राज्य करत होते. २०१२ मध्ये त्यांची मुलगी पार्क ग्युन-हे अध्यक्षपदी निवडून आली, तेव्हा मतदानोत्तर चाचण्यांनुसार साठी ओलांडलेल्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक मते तिला मिळाली, आणि विशीतल्यांपैकी सुमारे एक तृतीयांशच. ज्यांनी हुकूमशाही भोगली तेच तिच्या वारसाच्या मागे उभे राहिले, कारण त्यांना तुरुंगांपेक्षा उपासमार संपल्याची आठवण मोठी होती. फिलिपिन्समध्ये याच्या उलट. १९७२ मध्ये फर्डिनांड मार्कोस यांनी लष्करी कायदा लादला आणि १९८६ च्या जनउठावाने त्यांना देशाबाहेर घालवले. २०२२ मध्ये त्यांचाच मुलगा तीन कोटींहून अधिक मते मिळवून अध्यक्ष झाला, आणि त्या मतदारांतल्या फार मोठ्या वर्गाने मार्कोसशाही पाहिलेलीच नव्हती. समाजमाध्यमांवर तो काळ ‘सुवर्णयुग’ म्हणून त्यांच्यापर्यंत पोचला होता. ‘म्हाताऱ्यांना माहीत असते, तरुण विसरतात’ असे सोपे सूत्र त्यामुळे मांडता येत नाही. म्हातारा काय आठवायचे हे निवडतो, आणि तरुणाला दुसऱ्यानेच निवडलेले मिळते.

हा टप्पा, म्हणजे साक्षीदार संपत जाण्याचा, विशेष नाजूक असतो. जर्मन अभ्यासक यान अस्मान यांच्या मांडणीनुसार बोलण्यातून पुढे जाणारी जिवंत स्मृती साधारण ऐंशी ते शंभर वर्षे, म्हणजे तीन-चार पिढ्या टिकते. त्यानंतर पुतळे, सण, पाठ्यपुस्तके, चित्रपट आणि सरकारी दिवस यांच्या हाती ती जाते. आणीबाणी आज या उंबरठ्यावर आहे. १९७५ मध्ये वीस वर्षांचा असलेला तरुण २०२५ मध्ये सत्तर वर्षांचा झाला. महाराष्ट्रात आणीबाणीतल्या बंदिवानांना मानधन देण्याचा निर्णय २०१८ मध्ये झाला, नव्या सरकारने २०२० मध्ये ते बंद केले, आणि सत्ताबदलानंतर २०२२ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. केंद्र सरकारने २०२४ मध्ये २५ जून हा ‘संविधान हत्या दिवस’ जाहीर केला. आठवण सरकारी निर्णयांत आली, की सरकारबरोबर तिचेही वजन वरखाली होते.

पी. व्ही. नरसिंह राव यांच्याविषयीचे मत असेच सरकताना दिसते. महाराष्ट्राशी त्यांचे नाते जुने : १९८४ आणि १९८९ मध्ये ते रामटेकमधून लोकसभेवर गेले, आणि हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यांनी तेलुगूत नेली. १९९२-९३ च्या दंगली मुंबईत जगलेल्या पिढीला बाबरी मशीद पडताना स्वस्थ राहिलेले पंतप्रधान आठवतात. डिसेंबर २००४ मध्ये ते गेले तेव्हा दिल्लीत त्यांच्यावर अंत्यसंस्कारही झाले नाहीत. ते हैदराबादला झाले. पण १९९१ च्या उदारीकरणानंतर नोकरीला लागलेल्या, पुण्या-हैदराबादच्या आयटी कंपन्यांत वाढलेल्या पिढीने त्यांना आपल्या भरभराटीचे जनक मानले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न जाहीर झाले. दंगलीत घर गेलेल्यांच्या मुलांना या फेरमूल्यांकनात कोणी विचारले नाही.

कोणाची आठवण पुढे जाते हा प्रश्न शेवटी लिहिण्या-बोलण्याच्या ताकदीपाशी येऊन थांबतो. आणीबाणीतल्या तुरुंगवासावर मराठीत आठवणींची पुस्तके आली, दिवाळी अंकांत लेख आले, सभांत भाषणे झाली. तुरुंगात गेलेले बहुतेक शिकलेले आणि संघटनेतले होते. नसबंदी झालेल्यांचे तसे नव्हते. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८१ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९७६ च्या सुरुवातीला झालेल्या मोहिमेत माणसांना बळजबरीने धरून नेल्याच्या तक्रारी पुढे आल्या होत्या. बाजाराला, कामाला निघालेली ही माणसे होती. त्यांच्यामागे पक्ष नव्हता, छापखाना नव्हता, आणि झाले ते चारचौघांत सांगण्याजोगे नव्हते. मानधनाची योजना बंदिवासासाठी आहे, शस्त्रक्रियेसाठी नाही. तेव्हा तिशीत असलेले ते पुरुष आज ऐंशीच्या घरात आहेत, आणि त्यांच्या तोंडून घेतलेली हकीकत मराठी पुस्तकांत शोधू गेल्यास फारच थोडी हाती लागते.